पसायदान, चार आवाजांत

पसायदानाला नवी चाल लावायची म्हणजे पुण्यात भांडण विकत घ्यायचं. शाळेची प्रार्थना, सोसायटीचा गणपती, कीर्तन, पतसंस्थेची वार्षिक सभा, सगळीकडे शेवटी पसायदान असतंच, आणि बहुतेक ठिकाणी एकाच चालीत असतं. ती चाल कानात इतकी मुरलेली आहे की दुसऱ्या सुरात 'आतां विश्वात्मकें देवें' ऐकलं की माणसं आधी चपापतात आणि मग चिडतात. नारायण पेठेतल्या माझ्या आत्यानं तर तोंडावर विचारलं, "आहे त्या चालीला काय धाड भरलीय?"

चालीला काही झालं नव्हतं, कारण वेगळंच होतं. मी पियानो शिकवते आणि कॅम्पातल्या एका क्वायरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या गायकवृंदात, ऑल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते. आमचं गाणं म्हणजे हँडल, हेडन, मोत्झार्ट. लॅटिन, जर्मन, इंग्रजी. आमचे सर मूळचे गोव्याचे. एका तालमीनंतर ते म्हणाले, "लॅटिन गाता, जर्मन गाता, आणि पुण्यात राहून मराठीत एक धड गोष्ट नाही तुमच्याकडे. ऑर्केस्ट्रासकट पाहिजे हां, पेटी-तबला नको." बोलताना बघत होते माझ्याकडे.

शब्द निवडण्यात बराच काळ गेला. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं चर्चमध्ये गायली जातातच, ती तिथे रुळलेली आहेत. तुकोबांचे अभंग काढले, पण त्यांच्या चाली अभंगाच्या छंदातच भिनलेल्या. त्या बाजूला सारल्या तर हाती काही उरेना. जर्मन संगीतकार ब्राम्सनं 'जर्मन रिक्विएम' या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतासाठी चर्चचा ठरलेला लॅटिन मजकूर न घेता ल्यूथरच्या जर्मन बायबलमधून स्वतः उतारे निवडले होते. इंग्लिश संगीतकार होल्स्टनं तर ऋग्वेदातली सूक्तं कोरससाठी बसवायची म्हणून संस्कृतचे धडे घेतले आणि भाषांतर स्वतः केलं. हे वाचून धीर आला खरा. पण पसायदानावर येऊन थांबले ती साध्या कारणानं. आमच्या क्वायरमध्ये कॅथलिक आहेत, पारशी आहेत, मल्याळी नर्स आहेत, खराडी-हडपसरच्या कंपन्यांतली उत्तर भारतीय मुलं आहेत, शिकायला आलेले मिझो आणि नागा विद्यार्थी आहेत. या सगळ्यांना मनापासून म्हणता येईल अशी मराठीतली प्रार्थना दुसरी कुठली? देवाला नाव नाही, 'विश्वात्मक' एवढंच. आणि मागणं स्वतःसाठी नाहीच.

शब्द ठरले आणि खरी अडचण समोर आली. पसायदान आपण सगळे मिळून म्हणतो, पण एका सुरात. चार आवाजांत, म्हणजे बायकांचे सोप्रानो-ऑल्टो आणि पुरुषांचे टेनर-बास यांत, ते बांधलं की सोप्रानो 'देवें'वर असताना टेनर अजून 'विश्वा'वर असणार. शब्द एकमेकांत गुंतले की ऐकणाऱ्याच्या हाती नुसता नाद लागतो. ही तक्रार जुनी आहे. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेत हाच मुद्दा निघाला होता: चर्चमधलं बहुस्वरी गाणं इतकं गुंतागुंतीचं झालंय की पवित्र शब्द कळत नाहीत. इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रिनानं एक मास, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीची संगीतरचना, लिहून बहुस्वरी गाणं वाचवलं अशी आख्यायिका त्यावरूनच पसरली. ती बरीचशी रंगवलेली आहे, पण तिच्यामागचा प्रश्न खरा आहे. आत्या आणि ट्रेंटचे कार्डिनल या बाबतीत एका पक्षाचे, हे मला फार उशिरा नाही, पहिल्याच आठवड्यात कळलं.

म्हणून आधी आत्याकडेच गेले. तिच्याकडे बायका ज्ञानेश्वरीचं पारायण करतात. ओवी म्हणण्याची त्यांची रीत आहे, तिला चाल म्हणावं की नाही कोण जाणे. तीन-चार सुरांतच सगळं फिरतं. मोबाइलवर ते ध्वनिमुद्रण केलं आणि घरी येऊन पुन्हा पुन्हा ऐकलं. ओवीला साडेतीन चरण. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि यमकाबाहेरचा. 'दुरिताचें तिमिर जावो, विश्व स्वधर्मसूर्यें पाहो, जो जे वांछील तो तें लाहो', आणि मग नुसतं 'प्राणिजात'. कागदावर मी हे चार ओळींत लिहीत होते, प्रत्येक ओळीला श्वास. बायका तसं म्हणत नव्हत्या. तिसऱ्या चरणाच्या शेवटी त्या थांबतच नव्हत्या. 'लाहो'वरून थेट 'प्राणिजात'वर उतरत होत्या आणि श्वास त्यानंतर. चौथा चरण वेगळी ओळ नाहीच, तिसऱ्याचं ते उतरणं आहे.

सगळ्या रचनेचा सांगाडा इथून मिळाला. ठरवलं की प्रत्येक ओवीच्या अर्ध्या चरणावर ऑर्केस्ट्रा गप्प बसेल. 'मैत्र जीवाचें', 'प्राणिजात', 'भेटतु भूतां', 'पीयूषाचे', 'सोयरे होतु', 'अखंडित': हे शब्द फक्त माणसांच्या आवाजात, आणि चारही आवाजांनी एकाच वेळी उच्चारायचे. बाकी काही कळो न कळो, एवढं तरी कळेलच. नऊ ओव्यांतले नुसते हे अर्धे चरण सलग वाचले तरी अर्धंअधिक पसायदान हाती लागतं.

आता सूर. भैरवी नको होती. मैफल संपल्याची चाहूल तिच्यात आधीच असते. मी भूप घेतला. सोपा म्हणून घेतला असं कुणाला वाटेल, तर चार आवाजांत भूप बांधून बघा. पाश्चात्त्य हार्मनीत वाक्य संपवायच्या दोन रूढ वाटा आहेत. एक पंचमाच्या कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे सूर) षड्जावर येण्याची. तिला शुद्ध निषाद लागतो. दुसरी 'आमेन'ची, मध्यमाच्या कॉर्डवरून येण्याची. तिला मध्यम लागतो. भूपात म आणि नि, दोन्ही वर्ज्य! म्हणजे ज्या दोन दारांतून चर्चचं सगळं संगीत घरी येतं, ती दोन्ही बंद. तीन सुरांचे नेहमीचे कॉर्ड मोजायचे तर भूपाच्या पाच सुरांत दोनच सापडतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. एवढ्यावर नऊ ओव्या ओढायच्या म्हणजे बालगीत होणार.

वाट तंबोऱ्यानं दाखवली. षड्जापासून पंचमाच्या उड्या मारत वर जा: सा, प, मग पंचमाचा पंचम रे, त्याचा ध, त्याचा ग. संपला भूप. पाचही सूर एकावर एक ठेवलेल्या पंचमांतूनच येतात. आणि व्हायोलिनच्या तारा तरी कशा लावलेल्या असतात? पंचमाच्याच अंतरानं. मी षड्ज पांढरी दोनचा, म्हणजे 'डी'चा धरला, त्यामुळे सा, प आणि रे या व्हायोलिनच्या मोकळ्या तारा झाल्या. सगळ्यात खाली डबल बासवर सा, चेलोवर प, व्हिओलावर रे, दुसऱ्या व्हायोलिनवर ध आणि अगदी वर पहिल्या व्हायोलिनवर ग. 'आतां विश्वात्मकें'च्या आधी हा डोलारा खालून एकेक सूर लावत उभा राहतो. त्यात कॉर्डची ओढ नाही, कुठे जायची घाई नाही, आणि शब्दांना मोकळी जागा राहते.

खर्डा घेऊन मी माझ्या गाण्याच्या बाईंकडे गेले. बाई ख्यालगायिका, कोरस वगैरे त्यांच्या गावीही नाही. पियानोवर वाजवून दाखवलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "भूप म्हणालीस ना? हा देशकार झालाय." बरोबर होतं त्यांचं. दोन्ही रागांचे सूर तेच. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. माझ्या ऑल्टोंना मी जागोजागी धैवतावर लांब उभं केलं होतं, कारण कॉर्डमध्ये तो सूर छान भरत होता. कॉर्डला राग कळत नाही, आणि पुण्यातल्या श्रोत्याला रागाखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही! मग आतले आवाज सगळे पुन्हा बांधले. धैवत आला तर चालत्या पावलानं यायचा, मुक्काम गंधारावर.

भूप फक्त एका ठिकाणी सोडला. 'दुरिताचें तिमिर' येतं तिथे पंचम काढून घेतला, कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम आणला, म्हणजे मारवा रागाची सावली पडते. खालच्या तंतुवाद्यांना पायाखालचा पंचम सापडत नाही. तो परत येतो 'सूर्यें' या शब्दावर. इथे मोह फार झाला. हेडननं 'क्रिएशन'मध्ये, 1798 मध्ये, 'प्रकाश झाला' या शब्दांवर सगळा ऑर्केस्ट्रा सी मेजरमध्ये असा काही सोडलाय की आजही अंगावर काटा येतो. तसं करायला काय जातंय? पण आमच्याकडे ब्रास म्हणजे एक हॉर्न, तोही लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या काकांचा. शिवाय हेडनसारखं करायला गेलं की ते हेडनसारखंच होतं. मी तिथे चारही आवाज एका सुरात आणले, वरखाली सप्तकांत. जोर आहे, पण तो शब्दाचा.

आणि लगेच पुढचा चरण, 'जो जे वांछील तो तें लाहो'. ज्याला जे हवं ते त्याला मिळो. संपूर्ण रचनेत इथे, आणि इथेच, मी आवाज सुटे सोडले. प्रत्येकाला स्वतःची वेगळी धून आणि स्वतःची वेगळी वेळ. सोप्रानो गंधारावरून वर तार षड्जाकडे निघतात, टेनर त्याच शब्दांवर उलटे उतरतात, ऑल्टो 'वांछील'वर रेंगाळतात, बास सगळ्यांत शेवटी सुरू करतात. शब्द एकमेकांवर चढतात, आणि चढू देत. जो तो आपापलं मागतोय. मात्र त्याआधी एकट्या ऑल्टोंनी तो चरण एकदा स्वच्छ म्हटलेला असतो, म्हणजे ट्रेंटच्या कार्डिनलांनाही तक्रारीला जागा नको. मग 'प्राणिजात', सगळे एकत्र, वाद्यांशिवाय.

'ईश्वरनिष्ठांची मांदियाळी'साठी फार शोधावं लागलं नाही. आमची तालमीची जागा कॅम्पात, आणि तिथून जवळच भवानी पेठेत ज्ञानोबांच्या आणि नाना पेठेत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मधे वीणेकरी. एका रांगेनं म्हणायचं, दुसरीनं उचलायचं. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये सोळाव्या शतकाच्या शेवटी संगीतकार गॅब्रिएली समोरासमोरच्या सज्जांत दोन गायकवृंद उभे करून हेच करत होता. मी क्वायर दोन भागांत उभी केली, मधे चेलो सा-प धरून, आणि 'वर्षत सकळमंगळीं' एका बाजूनं दुसरीकडे फेकलं. इथे पखवाज आणि टाळ आणले. सरांची अट पेटी-तबल्याबद्दल होती, पखवाजाबद्दल ते काही बोलले नव्हते.

तालमी सुरू झाल्या तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो कागदाचा. मी म्यूझस्कोअर या सॉफ्टवेअरवर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, केलं होतं, खाली देवनागरी शब्द. पियानो शिकलेल्यांना सूर वाचता आले, देवनागरी नाही. कंपनीतल्या मुलांना देवनागरी आली, सूर नाहीत. मिझो मुलं स्टाफकडे बघायलाच तयार नव्हती, कारण त्यांच्या चर्चमध्ये लहानपणापासून टॉनिक सोल्फा, म्हणजे डो-रे-मीच्या अक्षरांत सूर लिहिण्याची पद्धत, चालतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेननं रुजवलेली ही पद्धत, मिशनऱ्यांबरोबर तिकडे गेली आणि टिकली. तिच्यात 'डो' कुठल्याही पट्टीत ठेवता येतो. म्हणजे आपला सा! मी फळ्यावर सा रे ग प ध आणि खाली डो रे मी सो ला लिहिलं, आणि पलीकडच्या बाकावरचे दोन टेनर पहिल्याच फटक्यात अख्खी पहिली ओवी सोल्फात गाऊन मोकळे झाले. आम्ही पियानोवाले अजून शार्प मोजत होतो. शेवटी कागद तीन प्रकारचे काढले: स्टाफ, सोल्फा आणि भातखंडे पद्धतीची सरगम. झेरॉक्सवाल्यानं विचारलं की परीक्षा कसली आहे.

उच्चारांवर तर स्वतंत्र प्रकरण होईल. 'विश्वात्मकें' देवनागरीत तोडलं की वि-श्वा-त्म-कें असं तुटतं, पण गाताना 'श्'चा भार आधीच्या स्वराला जातो: विश्-वात्-म-कें. तसं छापलं, पाय मोडलेल्या अक्षरांसकट. दिसायला भयंकर, पण सगळे एकाच क्षणी 'वा'वर येऊ लागले. 'ळ'ची मला धास्ती होती: खळांची, सकळमंगळीं, मांदियाळी. मल्याळी आणि गोवेकर मंडळींनी तो असा काही घोळवून म्हटला की आमच्यातल्या काही पेठी जिभांनी लाजावं. अडले ते दिल्ली-लखनौकडचे. त्यांना सरांनी मल्याळी नर्सबाईंच्या शेजारी उभं केलं. तेवढ्यानं काम झालं.

सरांशी खटका उडाला तो 'प्राणिजात'वरून. इंग्रजी-जर्मन कोरसला शेवटचं व्यंजन एकत्र, टोकदार उच्चारायची शिस्त असते, आणि ती आमच्या अंगात सरांनीच भिनवली होती. त्यांना 'जात्' हवं होतं, सगळ्यांचा 'त्' एका ठिणगीसारखा. मी म्हटलं, सर, ओवीत तो 'त' पूर्ण आहे, त्याला अकार आहे, बायका तो ओढून म्हणतात. "मग चाळीस माणसांचं 'ता' ऐकू येईल, त्याचं काय?" हेही खरं होतं. दोन्ही म्हणून बघितलं. अखेर 'त' पूर्ण ठेवला, पण 'जा'वर आवाज आधी ओसरवायचा आणि 'त' जिभेच्या टोकानं नुसता टेकवायचा असं ठरलं. 'अखंडित' आणि 'अलांछन'लाही तोच न्याय.

वाद्यं जमवणं हा पैशाचा आणि फोनचा खेळ असतो, त्यावर फार लिहीत नाही. व्हायोलिनं पुण्यात मिळाली. व्हिओला आणि चेलो मुंबईहून. ते प्रयोगाच्याच दिवशी सकाळच्या इंद्रायणीनं आले, त्यामुळे त्यांचा भाग असा लिहावा लागला की बघून लगेच वाजवता यावा. हे कुठल्या पुस्तकात नसतं, पण रचनेतले निम्मे निर्णय असेच होतात.

क्लॅरिनेटबद्दल मात्र लिहायलाच हवं. तो वाजवायला मिळाले लग्नाच्या बँडमधले एक मास्तर. साठी उलटलेली, आयुष्य वरातीत गेलेलं. बी फ्लॅट क्लॅरिनेटला आमचा डी मेजर म्हणजे ई मेजर, चार शार्प. मी नीट बदलून लिहिलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो घडी घालून खिशात टाकला आणि स्वतःची डायरी काढली. "सांगा मॅडम, सा कुठला?" मी गाऊन दाखवलं, त्यांनी डायरीत सरगम लिहून घेतली, प्रत्येक सुराखाली शब्द. मग वाजवलं. 'चंद्रमे जे अलांछन'च्या आधी मी त्यांना चार मात्रांचा साधा ग-रे-सा दिला होता. त्यांनी गंधारावरून रिषभावर येताना सूर सोडलाच नाही, भोकांवरून बोटं हळूच सरकवत आणि ओठ सैल करत तो खाली घसरवत नेला, आणि षड्जाला पोचताना धैवताला नुसतं शिवून आले. व्हायोलिनवाल्या मुलींनी बो खाली ठेवले. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे लिहून कसं काढणार?" मी स्कोअरमध्ये तिथे चार मात्रांच्या जागी आठ केल्या आणि वर लिहिलं: मास्तर.

पखवाजवाल्या दादांची गोष्ट निराळी. भजनी ठेका आठ मात्रांचा, आमच्या चारच्या मापात फिट बसतो, तेव्हा मला वाटलं होतं हा भाग सोपा. पण ते बघत गाणाऱ्यांकडे, हात चालायचा सरांचा. सर समेच्या अंमळ आधी खुणावतात, कारण चाळीस लोकांना श्वास घ्यायचा असतो; दादा त्या खुणेवरच थाप टाकायचे. "ताई, समोर हात हलवतायत त्यांच्याकडे बघू, की गाणाऱ्यांकडे?" मी सांगितलं, दोन्हीकडे नका बघू, बासचे आवाज ऐका. ते जमलं.

शेवटच्या टप्प्यात छळलं ते गंधारानं. पियानोवर तालीम होती तोवर सगळं ठीक. चेलो-बासचा सा-प आला आणि 'सोयरे होतु'च्या आधीच्या लांब कॉर्डवर काहीतरी खुपायला लागलं. बेसूर कोणीच नव्हतं. गोष्ट अशी की षड्जाशी जुळलेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंटनं खाली असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वरांतराचा शंभरावा भाग). खाली सा-प वाजत असला की गाणारा नकळत त्या खालच्या गंधारावर जाऊन बसतो. तंबोऱ्यावर शिकलेल्यांना हे सांगावं लागत नाही. उलट व्हायोलिनवाले पंचमावर पंचम जुळवत गंधाराला पोचले की तो पियानोच्याही वर, शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ 22 सेंट चढा. ज्या पंचमांच्या डोलाऱ्यावर मी इतकी खूश होते, त्याच्या शेंड्यावरच हे भांडण. उपाय तालमीतच सुचला: डोलारा चढत असताना पहिल्या व्हायोलिननं गंधार लावायचाच नाही. आधी ऑल्टोंनी तो गळ्यानं लावायचा, व्हायोलिननं ऐकून त्यांच्यात मिसळायचं. शिवाय शेवटच्या आठवड्यांत तालमीतून पियानो काढून टाकला आणि मोबाइलवर तंबोरा लावला. पियानोशिक्षिकेनं पियानो काढून टाकावा यावर क्वायरमध्ये बरेच विनोद झाले.

नववी ओवी कोणी म्हणायची हाही वाद झाला. 'येथ म्हणे श्रीविश्वेश्वरावो, हा होईल दानपसावो': इथे मागणं संपून उत्तर येतं. विश्वेश्वरराव म्हणजे कुणी गुरू निवृत्तिनाथ मानतात, कुणी साक्षात देव. सरांच्या डोक्यात बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' होतं. त्यात ख्रिस्ताचे शब्द एकटा बास गातो आणि भोवती तंतुवाद्यांचं वलय असतं. भारदस्त दिसलं असतं, कबूल. पण असा वर देणारा आवाज वरून, एकट्याचा यावा हे मला पटेना. मी ती ओवी ऑल्टोंना दिली, आत्याच्या पारायणातल्या त्या तीन-चार सुरांत, एका सुरात, खाली नुसता सा. प्रयोगात, मघाशी नव्या चालीवर जे श्रोते नाक मुरडत होते ते इथे ओठ हलवत होते, कारण अशी ओवी प्रत्येकाच्या घरात कुणीतरी म्हटलेली असते.

प्रयोग कॅम्पातल्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये झाला. छत उंच, त्यामुळे आवाज घुमत राहतो. मोकळ्या चर्चमध्ये सकाळी तालीम केली तेव्हा जलद ओळींचा काला होत होता. सरांनी 'चलां कल्पतरूंचे आरव' बरंच संथ केलं आणि मी अर्ध्या चरणांआधीच्या विश्रांती दुप्पट केल्या, म्हणजे ऑर्केस्ट्राचा घुमारा विरल्यावर शब्द यावेत. संध्याकाळी माणसं भरली तेव्हा घुमारा निम्मा झाला आणि त्या विश्रांती थोड्या लांबल्यासारख्या वाटल्या. त्याला इलाज नव्हता. हॉर्नवाल्या काकांनी 'सूर्यें'चा सूर्य एक मात्रा आधीच उगवून टाकला. बाकी सगळं पार पडलं.

प्रतिक्रिया पुणेरीच आल्या. एक गृहस्थ म्हणाले, "छान आहे, पण मूळ चाल ती मूळ चाल." ती चाल ज्ञानेश्वरांची नाही हे त्यांना सांगावं असं क्षणभर वाटलं, पण गर्दी होती. बाईंनी भूप भूपच राहिला म्हणून पाठ थोपटली आणि मारव्याबद्दल एक चकार शब्द काढला नाही. आत्या पहिल्या बाकावर होती. तिला शब्द कळले का, एवढंच मी विचारलं. "'वांछील'ला गोंधळ घातलात तिथे नाही कळले. पण ते आधी सांगितलंत ना एकदा."

आता दुसरी आवृत्ती चालू आहे. हॉर्नच्या जागी दुसरा चेलो लिहितेय. नागपूरच्या एका क्वायरनं कागद मागितलेत, आणि त्यांच्याकडे मास्तर नाहीत, तेव्हा 'चंद्रमे'च्या आधीच्या त्या आठ मात्रा काहीतरी करून उतरवून काढायला हव्यात. मास्तरांना परवा फोन केला होता. लग्नसराई संपली की या म्हणाले.